७४ अंश पूर्व

आमच्या गच्चीवर कोब्यात कोरलेली एक रेघ आहे. १९९२च्या हिवाळ्यात मामानं खिळ्यानं ओढलेली. पुढं दोनदा वॉटरप्रूफिंग झालं, तेव्हा आधी कठड्यावर दोन्ही टोकांच्या खुणा करून ठेवल्या आणि काम संपल्यावर रेघ परत कोरून घेतली. नवीन भाडेकरूंना वाटतं पाणी वाहून जायला काही केलंय. ती रेघ बरोबर दक्षिणोत्तर आहे आणि माझा सगळा धंदा तिच्यावर उभा राहिला.

कराडात आमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. केबल टाकायची ठरली तेव्हा मी होकायंत्र घेऊन आलो. मामानं ते खिशात ठेवायला लावलं. "स्लॅबमध्ये सळ्या हायत. सुई तिकडं ओढ घेनार. सूर्याला इचार." मग त्यानं एक सळई ओळंब्यात उभी केली, तिच्याभोवती सुतळीनं खडूचं वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक आखडत आखडत वर्तुळाला टेकलं तिथं एक खूण. दुपारनंतर सावली लांबत परत वर्तुळाला टेकली तिथं दुसरी. दोन खुणांचा मध्य काढायचा आणि सळईपर्यंत रेघ ओढायची. घड्याळ नको, होकायंत्र नको. आजही कुणी शिकायला आलं की मी आधी हेच करायला लावतो, मोबाइलमधलं ॲप नंतर.

आमची पहिली डिश बारा फुटी, जाळीची. त्या रेघेपासून पूर्वेकडं ६४ अंश वळवायची आणि ४९ अंश वर उचलायची, की समोर एशियासॅट-१, १०५.५ अंश पूर्व रेखांशावर. लिहायला एक ओळ लागली, करायला दीड दिवस लागला. मी गच्चीवर पाना घेऊन, मामा खाली दुकानात टीव्हीसमोर, मधे जिन्यात एक पोरगं निरोप द्यायला. "आलं?" "मुंग्या हायत." "आता?" "मुंग्या कमी झाल्या, आवाज आला! हलवू नको, हलवू नको!" त्या "हलवू नको"नंतर मी किती तरी वेळ डिशचा कडा धरून तसाच उभा होतो. बोटभर सरकली तरी चित्र जात होतं. नट आवळताना डिश किंचित फिरते, म्हणून दोन्ही बाजूंचे नट अर्धा-अर्धा फेरा आळीपाळीनं आवळायचे, हे त्या दिवशी शिकलो.

त्या वर्षी २ ऑक्टोबरला झी टीव्ही त्याच उपग्रहावरून सुरू झाला होता. मराठी घरांत हिंदी मालिका, बीबीसी आणि क्रिकेट जे घुसलं ते त्या एका डब्यातून. डबाच म्हणायचा, कारण तो गोल डब्यासारखा, स्वतःभोवती गिरकी घेत राहणारा उपग्रह होता, आणि अंगाला सौर घट चिकटवलेले.

त्या डब्याची गोष्ट मला खूप वर्षांनी कळली. कळली त्या रात्री झोप आली नाही.

एशियासॅट-१चं पहिलं नाव वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४मध्ये चॅलेंजर यानातून तो अमेरिकेसाठी वर नेला होता. यानानं त्याला जवळच्या कक्षेत सोडला. तिथून पुढं उंच ढकलायची मोटर त्याच्या बुडाला होती, ती पेटली आणि काही सेकंदांत बंद पडली. उपग्रह ठणठणीत, पण जिथं कुणाच्याच उपयोगाचा नाही अशा कक्षेत अडकलेला. त्याच फेरीतला इंडोनेशियाचा पलापा बी-२ हाही तसाच अडकला. विमा कंपन्यांनी पैसे भरले आणि दोन्ही उपग्रह त्यांच्या मालकीचे झाले. मग नोव्हेंबर १९८४मध्ये डिस्कव्हरी यान ते आणायला गेलं. जोसेफ ॲलन आणि डेल गार्डनर हे दोन अंतराळवीर बाहेर पडले आणि त्यांनी एकेक करून दोन्ही उपग्रह पकडले. वेस्टारच्या वेळी गार्डनर पाठीवरच्या यंत्रानं तरंगत त्याच्यापाशी गेला, बुडाच्या नळकांड्यात एक लांब दांडा घुसवला आणि त्याची गिरकी थांबवली. दोन्ही उपग्रह यानाच्या पोटात बांधून पृथ्वीवर आले. निघण्याआधी दोघांनी "विकणे आहे" अशी पाटी धरून फोटो काढला. तो फोटो मी छापून दुकानात लावलाय.

आणि तो खरंच विकला गेला. हाँगकाँगच्या कंपनीनं घेतला, कारखान्यात नीट करून घेतला, आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनमधल्या शिचांगहून लाँग मार्च-३ रॉकेटनं तो पुन्हा निघाला. या वेळी पोचला. म्हणजे ज्याच्याकडं तोंड करून मी गच्चीवर कडा धरून उभा होतो, त्या वस्तूला आठ वर्षांपूर्वी अंतराळात माणसांचे हात लागलेले होते.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. उपग्रह सुटणं वेगळं आणि पोचणं वेगळं. टीव्हीवर रॉकेट उडतं, टाळ्या वाजतात, पेढे वाटतात. त्या वेळी उपग्रह जायच्या ठिकाणी पोचलेला नसतो. बऱ्याचदा तर तो अर्ध्या वाटेवरही नसतो.

माझी मुलगी सातवीत असताना तिनं विचारलं होतं, "पप्पा, तो जागेवर थांबतो कसा?" थांबत नाही. सेकंदाला तीन किलोमीटरहून जरा जास्त वेगानं पळत असतो. पृथ्वीची एक गिरकी २३ तास ५६ मिनिटांची. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर जो पूर्वेकडं पळतो त्यालाही एका फेरीला नेमका तेवढाच वेळ लागतो, म्हणून खालून बघताना तो खिळल्यासारखा वाटतो. जवळ ठेवला तर पुढं पळतो, लांब ठेवला तर मागं पडतो. तिचा दुसरा प्रश्न जास्त चांगला होता. "मग बरोब्बर कराडच्या डोक्यावर का नाही ठेवत?" कारण त्याला पृथ्वीच्या मध्याभोवतीच फिरावं लागतं. कराड १७ अंश उत्तरेला. आपल्यावरून जाईल अशी कक्षा केली तर तो अर्ध्या दिवसात तितकाच दक्षिणेला जाईल, नि आपल्याला डिशमागं धावत बसावं लागेल. विषुववृत्ताच्या वरची एकच गोल वाट अशी आहे की डिशला पाना एकदा लावला की काम झालं. सगळ्या देशांचे उपग्रह त्या एकाच वाटेवर, अंशाअंशाच्या जागा वाटून घेतलेले.

त्यातली ७४ अंश पूर्व ही जागा भारताची. कराडचा रेखांशही ७४च, वर अंशाचा छोटासा भाग. म्हणजे मामाची रेघ सरळ दक्षिणेला वाढवत नेली, अरबी समुद्र ओलांडून विषुववृत्तापर्यंत, आणि तिथून वर चढलो, की तिथं आपले उपग्रह. डिश रेघेवर ठेवायची, ना डावीकडं ना उजवीकडं, आणि सत्तरेक अंश उचलायची. हे मला जेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मामा हयात होता. त्याला नकाशा दाखवला तर म्हणाला, "मंग आपल्या दारातलाच हाय की."

दारातले ते पाहुणे सांगतो. १२ सप्टेंबर २००२ला पीएसएलव्ही रॉकेटनं गेलेला हवामानाचा मेटसॅट. पुढच्या फेब्रुवारीत कल्पना चावला गेल्या आणि त्याला कल्पना-१ नाव दिलं. २००५च्या पुरात कृष्णा-कोयनेचं पाणी चढत होतं तेव्हा मी रोज रात्री त्याचंच ढगांचं चित्र उघडून बसायचो. दुकानातल्या लोकांना मी सांगत होतो, हे चित्र आपल्या रेघेवरून येतंय. मग २००४चा एज्युसॅट, शाळा-कॉलेजांसाठीचा. मग २००७चा इन्सॅट-४सीआर. त्याच्या आधीचा इन्सॅट-४सी १० जुलै २००६ला श्रीहरिकोट्याहून निघाला आणि मिनिटभरातच संपला, कारण रॉकेटच्या बाजूच्या चार इंजिनांतलं एक बंद पडलं होतं. सीआरमधला आर हा त्या गेलेल्याच्या बदल्यातला.

आणि जीसॅट-१४. याच्याबद्दल सविस्तरच लिहायला हवं.

जड उपग्रह उंच न्यायला रॉकेटच्या वरच्या टप्प्यात क्रायोजेनिक इंजिन लागतं. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांवर, द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३वर, आणि हे दोन्ही सांभाळत पंप भन्नाट वेगानं फिरवायचा. रशिया हे तंत्र देणार होता. १९९३मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली तंत्र द्यायचं रद्द झालं, तयार इंजिनं तेवढी मिळाली. १८ एप्रिल २००१ला त्यातलं पहिलं उडालं, जीसॅट-१ घेऊन. रॉकेट थोडं कमी पडलं. उपग्रहानं स्वतःच्या पोटातलं इंधन जाळून वर चढायचा प्रयत्न केला आणि अगदी तोंडाशी येऊन त्याचं इंधन संपलं. फेरी २३ तासांची झाली, जवळजवळ एक तास कमी. डिशवाल्याला विचारा तो एक तास म्हणजे काय. रोज पूर्वेकडं सरकत जाणारा उपग्रह, कुणाच्याच डिशमध्ये न थांबणारा.

आपलं स्वतःचं इंजिन १५ एप्रिल २०१०ला उडालं आणि पंप थांबून बंगालच्या उपसागरात पडलं. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी आणखी एक रॉकेट आकाशात फुटलं, ते रशियन टप्प्याचं. मग १९ ऑगस्ट २०१३, आपल्याच इंजिनावर जीसॅट-१४ची पाळी. उड्डाणाला सव्वा तास राहिलेला असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळतंय हे दिसलं आणि मोजणी थांबवली. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद करून टीव्हीसमोर बसलो होतो. वाईट वाटलं, पण थांबवणाऱ्या माणसाबद्दल आदरही वाटला. ते रॉकेट आत परत नेलं, तो टप्पाच बदलला.

५ जानेवारी २०१४, रविवार, दुपारी ४ वाजून १८ मिनिटं. दुकानात आम्ही आठ-दहा जण होतो. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, तोवर कुणी बोलत नव्हतं. क्रायोजेनिक पेटलं म्हणून पडद्यावर कळलं तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच होता. ते इंजिन बारा मिनिटं चालायचं असतं. बारा मिनिटं. लग्नात मंगलाष्टकं लांबली तरी इतकी लांब वाटत नाहीत. पडद्यावरची रेघ ठरलेल्या रेघेवरच चालत होती, आणि शेवटी इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. राधाकृष्णन बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर वीस वर्षं दिसत होती. मिशनचे प्रमुख होते के. सिवन, जे पुढं इस्रोचे अध्यक्ष झाले.

सगळे एकमेकांना टाळ्या देत होते. मुलीनं माझ्याकडं बघितलं. "पोचला ना पप्पा?"

"अजून न्हाई."

रॉकेटनं त्याला सोडला ती कक्षा लांबुळकी. एक टोक पृथ्वीपासून जेमतेम १८० किलोमीटरवर, दुसरं ३६ हजारांच्या आसपास. मी तिला माजघरातल्या झोपाळ्यावर बसवून दाखवलं. झोपाळा खाली येताना जोरात, वर टोकाला गेला की क्षणभर मंद. उपग्रहाचंही तसंच. खालच्या टोकाला सेकंदाला दहा किलोमीटरच्या वर वेग, वरच्या टोकाला दीड-पावणेदोन. पण तिथं कायम राहायला तीन हवा. म्हणून तो वर टोकाला पोचला, मंद झाला, की नेमकं तिथं त्याचं स्वतःचं इंजिन पेटवायचं. त्या ढकलण्यानं खालचं टोक वर उचललं जातं. परत फेरी, परत टोक, परत ढकल. आणि हे करता करता कक्षेचा कलही काढायचा असतो. श्रीहरिकोटा विषुववृत्तापासून पावणेचौदा अंश उत्तरेला, त्यामुळं तिथून निघालेली कक्षा निदान तितकी तिरकी असतेच. जीसॅट-१४ची १९ अंशांच्या वर होती. फ्रेंच गयानातलं कुरू फक्त पाच अंशांवर आहे, तिथून निघालेल्याला हे काम कमी करावं लागतं आणि ते इंधन आयुष्य वाढवायला उरतं. आपले कित्येक इन्सॅट तिथूनच गेले.

त्या इंजिनाचा जोर किती, तर ४४० न्यूटन. म्हणजे पंचेचाळीस किलोच्या पोत्याचं ओझं. दोन टनांचा उपग्रह, आणि एवढाच जोर. पण तिथं अडवणारं काही नाही, त्यामुळं तो जोर बराच वेळ लावत राहिलं की काम होतं. म्हणूनच जीसॅट-१४च्या १,९८२ किलो वजनातलं निम्म्याहून जास्त नुसतं इंधन होतं. हे सगळं कर्नाटकातल्या हासनच्या केंद्रातून चालतं. तिथल्या माणसांचे चेहरे टीव्हीवर येत नाहीत. त्या आठवड्यात त्यांनी तीनदा इंजिन पेटवलं. मी रोज सकाळी बातमी शोधायचो, मुलगी शाळेतून आल्यावर विचारायची, "किती वर गेला?" भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी तिन्ही तारखांना टिक केली होती. मग पंख उघडले, अँटेना उघडल्या, आणि तो आपल्या ७४ अंशांवर येऊन उभा राहिला.

हे शेवटचं चढणं किती धोक्याचं, हे मार्च २०१८मध्ये परत दिसलं. २९ तारखेला जीसॅट-६ए निघाला. रॉकेटनं काम चोख केलं. पहिली ढकल नीट. दुसरीनंतर उपग्रहाशी बोलणंच तुटलं, ते परत जुळलं नाही. दुकानात लोक म्हणाले, "आवं, परवा तर यशस्वी म्हणून सांगितलं की." मी त्यांना परत झोपाळ्याची गोष्ट सांगितली.

पोचल्यावरही सुटका नाही. चंद्र आणि सूर्य त्याला उत्तर-दक्षिण ओढत राहतात, वर्षाला पाऊण-एक अंश. ते सावरायला वर्षभर थोडं थोडं इंधन जातं, आणि इंधन संपलं की उपग्रहाचं आयुष्य संपतं, बाकी सगळं चालू असलं तरी. शेवटचं थोडं इंधन राखून त्याला दोन-तीनशे किलोमीटर वर नेऊन सोडायचं असतं, जागा पुढच्यासाठी मोकळी करायला. २०२२च्या जानेवारीत इन्सॅट-४बीला असंच निरोप देऊन वर पाठवला.

पूर्व-पश्चिम सरकण्याचं मात्र वेगळं आहे, आणि इथं आमच्या रेघेचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. पृथ्वीचं विषुववृत्त अगदी गोल नाही, थोडं दबलेलं आहे. त्यामुळं त्या उंच वाटेवर दोन ठिकाणी परातीसारखा खोलगट भाग तयार झालाय. एक अमेरिकेकडं, १०५ अंश पश्चिमेच्या आसपास. दुसरा ७५ अंश पूर्वेला. म्हणजे आपल्या जवळजवळ डोक्यावर. इतर कुठंही ठेवलेला उपग्रह हळूहळू या दोनांपैकी एका परातीकडं घरंगळायला बघतो, त्याला सतत मागं ढकलावं लागतं. ७४ला ठेवलेला जवळजवळ बुडाशीच असतो, त्याला त्या दिशेनं फारशी ढकल लागत नाही. आणि ज्यांना वेळेवर वर नेता आलं नाही असे मेलेले उपग्रह या ७५ अंशांभोवती वर्षानुवर्षं इकडून तिकडं झुलत असतात. हासनवाल्यांना त्यांच्यावर नजर ठेवावी लागते.

आता आमच्याकडं चॅनेल सगळे फायबरनं येतात. बारा फुटी डिशचं काम राहिलं नाही. भंगारवाला दोनदा विचारून गेला. मी ती काढली नाही. रेघेवर आणून ७४कडं लावून ठेवली आहे. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दुपारी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागून जातो. धंद्यात होतो तेव्हा त्या सात-आठ मिनिटांत चित्र जायचं आणि फोनवर फोन यायचे. सूर्याचा आवाजच इतका मोठा की उपग्रहाचं बोलणं ऐकू येत नाही.

यंदा १२ मार्चला मुलगी पुण्याहून आलेली होती. मामाचा जुना काट्याचा मीटर मी एलएनबीला, म्हणजे डिशच्या तोंडासमोर संदेश पकडणाऱ्या डबीला, जोडला. साडेबारा वाजून गेले. कोबा तापलेला, आम्ही दोघं डिशच्या सावलीत उकिडवे बसलेलो. एलएनबीची सावली जाळीवर पश्चिमेच्या कडेनं आत शिरली आणि बोटबोट सरकत मधल्या गोल तबकडीकडं निघाली. मीटरचा काटा दोनवर होता. सावलीनं तबकडीला स्पर्श केला तसा तीनवर गेला. मग चार. पावणेएकला दोन मिनिटं कमी असताना सावली तबकडीवर चपखल बसली, जराही बाहेर नाही, आणि काटा सातवर जाऊन थरथरत थांबला.

तिनं खडू मागितला.